कंबरेतून वळणारं गाव

"ब्रेक," ब्रेकताई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी क्लच दाबला.

"तो क्लच झाला. ब्रेक म्हणतेय मी."

डॉक्टरबाईंनी क्लच सोडला आणि पायाखाली जे सापडलं ते मनापासून दाबलं. ते नेमकं ॲक्सिलरेटर निघालं. रिव्हर्समधली गाडी मागच्या मागे उसळली. ताईच्या बाजूचा ब्रेक वेळेवर लागला म्हणून बरं, नाहीतर पाण्याच्या टाकीमागच्या त्या रिकाम्या रस्त्यावरचा एकुलता एक कचऱ्याचा डबा त्या सकाळी कामी आला असता.

"लागला का हो?" डॉक्टरबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"नाही. पण घाबरला असेल बिचारा."

डॉक्टरबाई हसायला लागल्या. वयाच्या साठीनंतर गाडी शिकायला आलेली माणसं एकतर घाबरट असतात नाहीतर हट्टी. या बाई दोन्ही होत्या आणि वर आनंदी होत्या. जन्मभर मोठ्या हॉस्पिटलात लोकांच्या मेंदूचे आजार बघून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. इतकी वर्षं गाडी यजमानांनी चालवली. आता त्यांचे डोळे अधू झाले, तर बाईंनी पदर खोचला आणि थेट ड्रायव्हिंग स्कूलची पायरी चढल्या. स्कूलच्या मालकांनी त्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही आमच्या ब्रेकताईकडे जा. तिच्या हातून म्हैससुद्धा पास होईल." बाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि ब्रेक असतो. त्या जास्तीच्या ब्रेकवर ताईचा पाय गेली पंधराएक वर्षं होता, म्हणून ती ब्रेकताई. तिचं खरं नाव शिकणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

"चला, परत एकदा. आरसा बघा. आता मागे बघायचं. मान नाही वळवायची हं, कंबरेतून वळा. अख्ख्या वळा. मान फसवते, कंबर फसवत नाही."

डॉक्टरबाई कंबरेतून वळल्या. त्या बऱ्यापैकी स्थूल होत्या, त्यामुळे सीट कुरकुरली. त्याच वेळी मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला, आणि ताईने सवय विसरून झटकन मान वळवली.

व्हायचं तेच झालं. डाव्या भुवईच्या मागे कुणीतरी काडी ओढली.

"बाजूला घ्या," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, सरावाचा. "हं. इंजिन बंद. हँडब्रेक. आता रस्ता बघायचा धडा. मी येईपर्यंत नुसता रस्ता बघायचा. कोण कुठून येतं, कोण हात न दाखवता वळतं, कोण चालता चालता फोनवर बोलतं. नंतर विचारणार आहे."

आणि ती खाली उतरली.

हा रस्ता बघायचा धडा कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो ताईच्या डोक्यातून निघाला होता, आणि तोही अगदी शब्दशः, डाव्या बाजूने. दिवसातून सात-आठ वेळा दुखणं यायचं, दहा-पंधरा मिनिटं जीव नकोसा करायचं आणि आलं तसं निघून जायचं. दुखणं भुवईशी चाहूल द्यायचं तेवढ्यात गाडी बाजूला घ्यायची, हा तिचा नेम. त्यात तिने कधी हयगय केली नाही. पण शिकणाऱ्याला त्या वेळात करायचं काय? मग हा धडा. गंमत अशी, की तो गाजला. लोक घरी जाऊन सांगायचे, "दुसरीकडे नुसती गाडी शिकवतात हो, आमच्या ताई रस्ता शिकवतात." ताईच्या हाताखालून गेलेले लोक खरोखरच सावध चालवायचे. ताईला हे ऐकून हसावं की रडावं कळायचं नाही. एक डोळा तर रडतच असायचा.

आत्ताही तो घळाघळा वाहत होता. डावा. नाकही त्याच बाजूचं. ताई रुमाल लावून गाडीभोवती फिरत होती, मधूनच टायर बघितल्यासारखं करत होती. भुवईमागे आता कुणी टोचा घालून फिरवत होतं. तिने बोनेटवर मूठ आपटली, पुन्हा चालायला लागली.

डॉक्टरबाई रस्ता बघत नव्हत्या. त्या घड्याळ बघत होत्या, आणि मधूनमधून ताईकडे.

ताई परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा झाला होता.

"सांगा, काय काय पाहिलंत?"

"एक बाई पाहिली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एका डोळ्याने रडत होती."

"धूळ गेली."

"नेहमी त्याच डोळ्यात जाते?"

"नळ एकाच बाजूचा खराब आहे, डॉक्टरबाई. चला, क्लच दाबा."

"दाबते. पापणी पण त्याच बाजूची खाली आलीये तुमची. दिवसातून किती वेळा होतं हे?"

ताईने पुढच्या काचेतून टाकीकडे बघितलं. "होतं आपलं. अर्धशिशी आहे. आमच्या आईला पण होती म्हणे."

"अर्धशिशीचं माणूस अंधारात पडून राहतं. त्याला हललेलं चालत नाही. तुम्ही तर गाडीला प्रदक्षिणा घालत होता."

"पडून? त्या वेळी मला बसवतसुद्धा नाही. भिंत दिसली तर डोकं आपटावंसं वाटतं. इथे भिंत नाही म्हणून चालते."

"आणि मान वळवली की येतं. हो ना?"

ताईने रुमालाची घडी घातली. हेच तिचं झाकून ठेवलेलं होतं. भरतकाम शिकवणारीचा हात कापत असेल तर तिने कुणाला सांगावं? गाडी शिकवणारीला मागे वळून बघता येत नाही, हे गावभर झालं तर दुसऱ्या दिवशी त्या गाडीत कोण बसेल? म्हणून तर तिने ते कंबरेचं शास्त्र काढलं होतं. मान ताठ ठेवायची आणि खांद्यांसकट वळायचं, म्हणजे दुखणं बहुतेक वेळा फसायचं. स्वतःला लागली ती सवय तिने शिकणाऱ्यांनाही लावली, कारण वेगळं शिकवायचं तर आधी करून दाखवावं लागलं असतं.

"क्लच," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी ब्रेक दाबला. गाडी बंदच होती, त्यामुळे काही बिघडलं नाही.

संध्याकाळी ताई स्कूलमध्ये हिशोब द्यायला गेली तर मालक तिची वाट बघत बसले होते. मालक म्हणजे भला माणूस. हॉर्न वाजवणाऱ्यांचा त्यांना इतका राग, की स्वतः कधी वाजवायचे नाहीत. खिडकीतून मान बाहेर काढून "अहो दादा" म्हणायचे. आज त्यांनी तिला खुर्ची दिली. मालक खुर्ची देतात तेव्हा बातमी बरी नसते.

"ताई, काल तुम्हाला परत बघितलं मी. पुलाच्या अलीकडे. डोकं धरून फिरत होता."

"गाडी बाजूला होती, मालक. इंजिन बंद होतं."

"ते माहितीये मला. तुमच्या गाडीला कधी खरचटलं नाही, हेही माहितीये. पण मला धास्ती वाटते हो. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या अप्पांना काय तोंड दाखवू?" त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. "नव्या महिन्यापासून तुम्ही काउंटरला बसा. पगार तोच. पंख्याखाली."

ताई 'बरं' म्हणाली. दुसरं काय म्हणणार? घरी येताना तिच्या डोळ्यांसमोर तो काउंटर येत होता, त्याची उडालेली पॉलिश, दोरीला बांधलेलं पेन. तिला गाडी आवडायची. घाबरलेलं माणूस पहिल्यांदा गाडी सरळ नेतं आणि श्वास सोडतं, तो श्वास ऐकायला तिला आवडायचं. लग्नाचं राहून गेलं, बाकीही बरंच राहून गेलं, त्याची तिने कधी फार खंत केली नाही. पण हे गेलं तर मात्र फार लागलं असतं.

ताई आणि तिचे वडील अप्पा राहत ती गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या घरातली माणसं एकमेकांना खिडकीतून काडेपेटी देत. मालकांनी गाडी घरी न्यायची मुभा दिली होती. संध्याकाळी ती सरळ आत घालायची, आणि सकाळी उलटी बाहेर काढायची. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला लोकांच्या सायकली आणि पायऱ्या. मान वळत नसताना हे रोज कसं जमायचं? तर मागे अप्पा असायचे.

अप्पांची सगळी नोकरी बस डेपोत गेली. बस मागे घेताना तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि हात दाखवायचा, हे त्यांचं काम. जन्मभर बसगाड्या मागे घेतल्या, चालवली मात्र एकही नाही. पण त्यांच्या हाताखाली एकाही बसला ओरखडा उमटला नाही, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचे. निवृत्तीनंतर ते काही दिवस घरात हरवल्यासारखे वावरले. मग ताईचं डोकं सुरू झालं, आणि एका सकाळी ते आपण होऊन गाडीमागे जाऊन उभे राहिले. तेव्हापासून रोज. ताई आधी जाऊन गाडीत बसायची, अप्पा मागून यायचे. तिला आरशात पांढरं डोकं आणि वर केलेला हात तेवढा दिसायचा. "येऊ दे. येऊ दे. जरा ओढ्याकडून घे." गटाराला ते ओढा म्हणायचे, शोभेसाठी. रस्ता लागला की डिकीवर दोन थापा. दोन थापा म्हणजे मोकळं आहे, जा.

ताईने काउंटरचं सांगितलं तेव्हा अप्पांनी हातातला चहा खाली ठेवला.

"म्हणजे गाडी घरी नाही यायची," ते म्हणाले.

"नाही."

"बरं झालं. माझा पण गुडघा कुरकुरतो हल्ली सकाळी," असं म्हणून ते आत गेले. ताईला ते खोटं लगेच कळलं. अप्पांचा गुडघा सकाळी नव्हे, संध्याकाळी कुरकुरायचा.

पुढच्या धड्याला डॉक्टरबाईंनी गाडीत बसल्या बसल्या किल्लीच काढून घेतली.

"आज अर्धा तास माझा," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला रिव्हर्स शिकवता ना? मी तुम्हाला तुमचं डोकं शिकवते. आत्तापर्यंत काय काय केलंत?"

ताईने सुरुवात केली आणि मग तिला थांबता येईना. सायनस म्हणून वाफ घेतली. चष्म्याचा नंबर काढला. चष्मा चांगला निघाला, दुखणं तिथेच. एकाने दाढेचं कारण सांगितलं, ती उपटली. दाढ गेली ती गेली, चावायची पंचाईत झाली, आणि दुखणं मजेत राहिलं. अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या. गोळीचा परिणाम व्हायच्या आत दुखणं आपलं आपण जायचं, आणि गोळी उरलेला दिवस झोप आणायची. शेजारणीने कपाळाला लावायला काहीतरी दिलं, त्याने कपाळाची कातडी तेवढी सोलली.

"आणि दुखतं कायम डाव्याच बाजूला?"

"उजवीकडचीला काय झालंय? ती बिचारी गुणी आहे."

डॉक्टरबाई हसल्या, पण डोळे कामात होते. "ऐका. मला वाटतंय ही अर्धशिशी नाही. तिची लांबची चुलत बहीण म्हणा. पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया."

"अगं बाई."

"नाव मोठं आहे, पण आजार तसा वाईट नाही. फार थोड्यांना होतो, म्हणून पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच बाजूला, थोडा वेळ, पण दिवसातून खूपदा. त्याच बाजूचा डोळा गळतो, नाक वाहतं, पापणी पडते. माणूस स्वस्थ बसू शकत नाही. काहींना मान वळवली की उठतं. सगळं तुमचंच वर्णन आहे. आधी डोक्याचा एक स्कॅन करू, दुसरं काही नाही ना एवढी खात्री करायला. रक्त तपासू, किडनीसाठी. मग एक औषध आहे, इंडोमेथासिन. जुनं आहे, सांधेदुखीवर द्यायचे. इतर डोकेदुख्यांना ते फारसं विचारत नाही, पण या एका आजाराला असं लागू पडतं की लागू पडलं हीच आजाराची खूण. नाही पडलं, तर माझं चुकलं."

ताईने हे सगळं ऐकून घेतलं. "आणि पडलं तर मान वळेल?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे ते कंबरेचं शास्त्र..."

"त्याबद्दल कुठे बोलू नका," ताई म्हणाली. "अख्खं गाव शिकवून बसलेय मी."

स्कॅन स्वच्छ निघाला, रक्तही. डॉक्टरबाईंच्या हॉस्पिटलातल्या जुन्या विद्यार्थ्याने औषध लिहून दिलं. दिवसातून तीनदा, पोटात अन्न असल्याशिवाय नाही, आणि पोट जपायला सकाळी वेगळी गोळी. आधी थोडी मात्रा, मग गरज पडली तर वाढवायची. शौचाला काळं झालं, पोटात आग पडली, तर लगेच कळवायचं. "आणि सुरुवातीला चक्कर येऊ शकते," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेव्हा मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या गाडीलाही नाही."

घरी अप्पांनी औषधाची पट्टी उजेडात धरली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"हे तर माझं औषध."

"तुमचं?"

"अंगठा सुजला होता ना माझा, बूट जात नव्हता तेव्हा. हेच दिलं होतं. अंगठा उतरला, पण पोटात असा जाळ झाला की मी अर्धी पट्टी तशीच टाकून दिली डब्यात." ते उठून खरोखरच डबा घेऊन आले. त्यात सुया, बटणं, कसल्या कसल्या किल्ल्या, आणि तळाशी पिवळी पडलेली पट्टी. नाव तेच.

दोघं त्या पट्टीकडे बघत राहिले. ताईची दाढ उपटली गेली तेव्हा ही पट्टी पाच पावलांवर होती.

"अप्पा, ही आता टाका. मुदत केव्हाच संपलीय."

"टाकतो. पण तू उपाशीपोटी घेऊ नकोस. माझ्यासारखी घाई करू नकोस. आधी चार घास खायचे." आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गोळीच्या वेळी अप्पा ताट घेऊन समोर बसायला लागले. दुपारची गोळी स्कूलमध्ये असायची, तर तिथे डबा घेऊन यायचे आणि तिने शेवटचा घास गिळेपर्यंत हलायचे नाहीत. मालकांना वाटलं, पोरीला काउंटरवर बसवलं म्हणून बाप धरणं धरून बसलाय.

कारण काउंटर महिना उलटायच्या आधीच आला होता. गाडीला हात लावायचा नाही म्हटल्यावर दुसरी जागा कुठली? ताई पंख्याखाली बसून फोन घ्यायची. "लायसन्स कधी मिळेल?" "गाडी चालवता आली की." दोरीचं पेन चालत नव्हतं, ते तिने पहिल्याच दिवशी बदललं. दुसऱ्या दिवशी बदलण्यासारखं काही उरलं नाही.

आणि ताईच्या जागी डॉक्टरबाईंना घेऊन मालक स्वतः जायला लागले. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाला कोरडी जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी ते येऊन पाणी प्यायले आणि नुसते भिंतीकडे बघत बसले. मागून डॉक्टरबाई टवटवीत आत आल्या.

"आज छान झालं की नाही हो मालक?"

"हॉर्न वाजवला मी," मालक ताईला हळूच म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा."

गोळ्या सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशी दुखणं आलं, पण दमल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा आलं. नंतर ताई वाट बघत राहिली. वाट बघायचीसुद्धा सवय असते. इतकी वर्षं ते दर दोन-तीन तासांनी येत होतं, आणि आता येईना तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. ती भुवईवर बोट ठेवून बसायची. आत काही हालचाल नव्हती.

मग एका दुपारी मालकांनी आतून हाक मारली, "ताई, तो शिक्का कुठे ठेवलाय?"

"खणात," ताई मागे वळून म्हणाली.

म्हणून झालं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मान वळवली. कंबर नाही, खांदे नाहीत, नुसती मान. तिने टेबलाची कड धरली आणि काडी ओढली जायची वाट बघितली. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं. काही झालं नाही. तिने परत मान वळवली. डावीकडे. उजवीकडे. परत डावीकडे, पार खांद्याला हनुवटी टेकेपर्यंत.

"मुंगी चावली का?" मालकांनी दारातून विचारलं.

"नाही, मालक," ताई म्हणाली. "मान वळतेय माझी."

मालकांना काहीच कळलं नाही. पण ताईला इतका आनंद झाला होता की तिने त्यांच्याकडे, मग कॅलेंडरकडे, मग दाराकडे, मग परत त्यांच्याकडे वळून बघितलं, निव्वळ हौसेखातर. अप्पा डबा घेऊन दारात उभे होते. त्यांनी लेकीला इकडे तिकडे वळताना बघितलं, आणि हातातला डबा खाली ठेवून तोंडावरून पंचा फिरवला. पंचा जरा वेळ तिथेच राहिला.

आठवड्याने डॉक्टरबाईंनी ताईला तपासलं, पोटाची चौकशी केली आणि गाडीची परवानगी दिली. "औषध आपल्या मनाने सोडायचं नाही हं. सोडलंत की ते बहुतेक परत येईल. हळूहळू कमी करता येतं का ते आपण बघू. आणि ताई, माझी परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. मालकांसोबत मी पास व्हायची नाही."

"मालक पण व्हायचे नाहीत," मालक खुर्चीतून म्हणाले. "ताई, तुम्ही उद्यापासून गाडीवर जा. काउंटर मी बघतो. मला ते पेनही आवडलंय." ते इतक्या घाईने काउंटरमागे जाऊन बसले की ताईला तिथून आपला रुमाल उचलायलाही वेळ मिळाला नाही.

मग स्कूल बंद करून तिघं पायरीवर उभी राहून बोलत होती. समोर चौक होता, संध्याकाळची वर्दळ. एक निळी गाडी चौकात थांबली, आणि तिच्यातला गृहस्थ रस्ता बघायला वळला. नुसता वळला नाही. सीटवरून अर्धवट उठून, खांदे, छाती, सगळं घेऊन कपाट फिरवावं तसा फिरला. मागच्या गाडीत एक बाई होती. तीही तशीच फिरली. पलीकडून टॅक्सी आली, टॅक्सीवाला फिरला. भरल्या चौकात सगळी कपाटं इकडून तिकडे फिरत होती.

"हे सगळे..." डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझेच," ताई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी आधी तोंडावर हात धरला. मग तो टिकला नाही. ताई पायरीवरच बसली आणि पोट धरून हसली. मालकांना कळेना काय झालं ते, पण हसण्याची लागण होते, तेही हसायला लागले. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही डोळ्यांतून आलं, सारखं, आणि तिने ते पुसलं नाही.

"आता काय, सगळ्यांना परत बोलावणार?" डॉक्टरबाईंनी डोळे टिपत विचारलं.

"कशाला? एकाचाही अपघात नाही अजून. फिरू देत कपाटं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा गल्लीत होती. ताई आत जाऊन बसली, इंजिन चालू केलं, आरसा नीट केला. आरशात पांढरं डोकं आलं, वर केलेला हात आला. नेहमीसारखं.

मग गाडी जराशी मागे सोडताना तिला वाटलं, आज बघावं. तिने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मान पार मागे वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने अप्पांना त्यांच्या कामावर बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत.

त्यांच्या पायात डेपोचे बूट होते. ते काळे बूट केव्हाच कुणाला देऊन टाकले असतील असं ती समजत होती. त्यांना ताजं पॉलिश होतं. दोन मिनिटांच्या या कामासाठी अप्पा रोज बूट घालत होते आणि ती निघून गेली की काढून ठेवत होते. शर्ट इस्त्रीचा होता. आणि आरशात कधी न दिसलेला दुसरा हात भिंतीवर होता. एक हात वर करून तिला बोलवत, दुसऱ्याने भिंत चाचपत, सकाळीही कुरकुरणाऱ्या त्या गुडघ्यावर अप्पा एकेक पाऊल मागे जात होते. ती रोज भराभर गाडी मागे घ्यायची, उशीर झाला म्हणून. ते भराभर मागे जायचे.

ताईने ब्रेक दाबला.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. वर केलेला हात हळूहळू खाली आला.

"वळते की आता मान," ते म्हणाले. चेहऱ्यावर आनंद होता, खराखुरा. पण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. "मग काय. आता तूच बघून घे."

"वळते हो," ताई म्हणाली. "पण एवढ्याशा गल्लीत नुसत्या मानेच्या भरवशावर कोण गाडी काढेल? ओढ्यात जायची. सांगा तुम्ही."

अप्पांनी शर्टाची कड खाली ओढून नीट केली.

"मग पुढे बघ. दोघं मागे बघून कसं चालेल?"

ताईने मान आत घेतली आणि पुढे बघितलं. हात वर आला. तिने क्लच इतका सावकाश सोडला, की गाडी हलली की नाही हे शेजाऱ्यांनाही कळलं नसतं. ती त्यांच्या पावलांनी मागे येत राहिली. ते थांबले की थांबायची, ते सरकले की सरकायची.

"येऊ दे," अप्पा म्हणत होते. "येऊ दे. जरा ओढ्याकडून. येऊ दे."

रस्ता लागला. ताईने गाडी न्यूट्रलला घेतली आणि थांबून राहिली. थोड्या वेळाने डिकीवर दोन थापा पडल्या.